हॉलंडची खोली आणि चाकणची खोली

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या पत्रिकेवर कापसाचा भाव आहे, पीकविमा आहे, रानडुकरांचा बंदोबस्त आहे. त्यावर बोलणारी मंडळी व्यासपीठावर बसलेली आहेत. आम्हाला अध्यक्षांनी अर्धा तास दिला आहे आणि तो आम्ही खाटेवर खर्च करणार आहोत. हसू नका. खाट म्हणजे सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद जागा. दमून आलेल्या माणसाने पाठ टेकायची जागा. या जागेचा हिशोब आपण आजवर मांडलेला नाही, आणि त्या हिशोबात आपल्या घरचे पैसे चालले आहेत.

आधी एक करा. ज्यांचा मुलगा, पुतण्या, भाचा किंवा जावई चाकण, भोसरी, तळेगाव, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात कंपनीत आहे, त्यांनी हात वर करा. बघा. वर झालेले हात मोजण्यापेक्षा खाली राहिलेले मोजणे सोपे आहे.

आता दुसरा प्रश्न. पोराला पगार किती, हे तुम्हाला ठाऊक आहे. कंपनीचे नाव निम्म्यांना ठाऊक आहे. पण तो झोपतो कुठे? कोणाच्या खोलीत? भाडे कोण घेतो? पावती आहे का? आता हात फार थोडे राहिले. तुम्हाला दोष देण्यासाठी विचारत नाही. गेल्या दिवाळीपर्यंत आम्हालाही हे ठाऊक नव्हते. हॉलंडला माणसे कशी राहतात ते आम्ही पाहून आलो होतो, पण आपल्याच गावची पोरे कशी राहतात ते पाहायला चाकणला गेलो नव्हतो.

हॉलंडमध्ये काय पाहिले

काही वर्षांपूर्वी आम्ही काही कृषी पदवीधर आणि काही शेतकरी मिळून हॉलंड पाहायला गेलो होतो. शेतीमालाच्या निर्यातीत हा देश जगात अगदी वरच्या रांगेत. वर्षाला १२० अब्ज युरोंच्या वर त्यांचा शेतीमाल देशाबाहेर जातो. त्यामुळे आमच्या डोक्यात असे की, घरे वाड्यासारखी असतील.

मुक्कामाच्या जागी पोहोचलो, खोलीचे दार उघडले, आणि आमच्यातले एक बुजुर्ग शेतकरी म्हणाले, "ही तर माझ्या मोटारीच्या खोलीएवढी!" दोन खाटा आणि मध्ये माणूस आडवा होऊन सरकेल एवढी वाट. न्हाणीघर असे की तोंड धुताना कोपर दाराला लागावे. जिना इतका उभा की त्याला शिडीच म्हणावे. उतरताना आम्ही माडीवरून उतरतो तसे पाठमोरे उतरत होतो. मग हे लोक कपाट, पलंग वर नेतात कसे? तर जुन्या घरांच्या माथ्यावर एक तुळई बाहेर काढलेली असते आणि तिला आकडा असतो. त्यावरून दोर सोडून सामान बाहेरून ओढायचे आणि खिडकीतून आत घ्यायचे. आपण विहिरीवर रहाट बसवतो, त्यांनी घरावर बसवला आहे.

त्यांची जुनी शेतघरे जतन करून ठेवली आहेत, तीही पाहिली. भिंतीत कपाट दिसते. दार उघडले की आत बिछाना. नवरा-बायको त्यात शिरून दार ओढून घेत, कारण थंडी. म्हणजे आजचा श्रीमंत डच शेतकरी ज्या घरातून आला, त्या घरात माणूस कपाटात झोपत होता.

रोजचे वागणेही तसेच आटोपशीर. लोकसंख्या एक कोटी ऐंशी लाख आणि सायकली दोन कोटींच्या वर. २०१० ते २०२४ पंतप्रधान राहिलेले मार्क रुटे सायकलवरून कचेरीत जात. दुपारी पाव आणि चीज, संध्याकाळी सहाच्या सुमाराला एकदाच गरम जेवण. कोणाकडे गेलात तर कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा पुढे येतो. एक घ्यायचे. आमच्या एका भावाने दुसऱ्यासाठी हात नेला तोवर डबा बंद झालेला होता! रस्त्यावरच्या खिडकीला पडदा ओढत नाहीत. आत माणूस जेवतो आहे, वाचतो आहे, सगळे दिसते. नातेवाइकांच्या वाढदिवसांची यादी संडासात टांगलेली असते, म्हणजे रोज नजर जावी. यावर आम्ही गावाकडे आल्यावर खूप हसलो.

पण हसून झाल्यावर आकडा पाहा. हॉलंडचे क्षेत्रफळ ४१ हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. आपला मराठवाडा ६४ हजारांच्या वर. माणसे मात्र जवळपास सारखीच. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याचीही लोकसंख्या एक कोटी सत्त्याऐंशी लाखांच्या घरात होती. त्यांच्या जमिनीतला सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांध घालून, पवनचक्क्यांनी पाणी उपसून ती जमीन त्यांनी मिळवली. तेराव्या शतकापासून त्यांची पाणी-मंडळे आहेत आणि त्यांच्या निवडणुका आजही होतात. असा माणूस जमिनीची किंमत जाणतो. घर लहान ठेवतो, शेत मोकळे ठेवतो. त्याची खोली लहान आहे ती त्याने स्वतः ठरवून. कोणी त्याला तिच्यात कोंबलेले नाही.

लहान खोली म्हणजे हलाखी, असे आम्ही म्हणत नाही. तुमची-आमची घरेही लहानच आहेत. खोली किती मोठी, यापेक्षा ती लहान कोणी ठरवली आणि तिची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हा प्रश्न मोठा.

तिथेही सारे आपोआप झाले नाही

१८८०च्या दशकात अमेरिकेचा स्वस्त गहू जहाजांनी युरोपात उतरू लागला. शेतीमालाचे भाव कोसळले. हॉलंडच्या खेड्यातली माणसे शहराकडे निघाली. अॅमस्टरडॅममध्ये ती कुठे राहिली? घरांच्या तळघरात, ओलीत, जिथे उजेड पोहोचत नव्हता. एकेका खोलीत अख्खे कुटुंब. आमच्या पाहुण्यांनी हे सांगितले तेव्हा आम्हाला आपलेच सांगत आहेत असे वाटले.

मग दोन गोष्टी झाल्या. शेतकऱ्यांनी आपली विक्री आपल्या हातात घेतली. १८८७ साली ब्रुक ऑप लांगेडाइक नावाच्या गावी भाजीचा लिलाव सुरू झाला. पुढे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी लिलावगृहे उभी केली. आज आल्समीरचा फुलांचा प्रचंड बाजार चालतो तो फूल उत्पादकांच्याच संस्थेच्या मालकीचा आहे. दुसरी गोष्ट, १९०१ साली तिथे घरांचा कायदा झाला. घराला हवा, उजेड, पाणी, संडास किती हवा याचे नियम नगरपालिकेने करावेत, आणि नफ्यासाठी नव्हे तर राहण्यासाठी घरे बांधणाऱ्या संस्थांना सरकारने कर्ज द्यावे, असे त्यात होते. खोली लहान असेल, पण कोणत्या पायरीच्या खाली जाणार नाही, ती पायरी कायद्याने आखली.

आता डचांना देव्हाऱ्यात बसवू नका. आम्ही त्यांची काचघरेही पाहिली. एकरामागून एकर काचेखाली, आत टोमॅटो, मिरची, फुले. मालक डच. तोडणी करणारे हात मात्र पोलंड, रोमानिया, बल्गेरियाचे. त्यांना आणणारा तिथला मजूर पुरवणारा, म्हणजे आपल्या भाषेत ठेकेदार. तोच काम देतो, तोच घर देतो, भाडे पगारातून कापतो. एका घरात खाटेला खाट. काम सुटले की खाटही सुटली. २०२० साली कोरोनाच्या काळात हे उघड्यावर आले. एमिल रुमर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आणि १ जुलै २०२३ पासून तिथे कायदा लागू झाला की, अशा कामगाराचा राहण्याचा करार आणि कामाचा करार वेगवेगळ्या कागदावर पाहिजे. नोकरी गेली म्हणून त्याच रात्री छप्पर जाता कामा नये.

ही एक ओळ आम्ही हॉलंडहून गाठीला बांधून आणायला हवी होती. आम्ही आणली ती गुलाबाच्या जातींची नावे.

कांद्याचे चाकण, गाड्यांचे चाकण

गुलाबावरूनच चाकणला येऊ. चाकणपासून वीसेक किलोमीटरवर तळेगाव दाभाडे. तिथे औद्योगिक महामंडळाचे फुलशेतीचे क्षेत्र आहे. हरितगृहांतून हॉलंडच्या जातींचे गुलाब निघतात आणि फेब्रुवारीत विमानाने परदेशी जातात. हॉलंडचे तंत्र तळेगावपर्यंत आले. हॉलंडचा घरांचा कायदा मात्र तळेगावच्या वेशीपर्यंतही आलेला नाही.

चाकण हे नाव शेतकऱ्याला नवे नाही. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने इथली भुईकोट गढी शाइस्ताखानाविरुद्ध पन्नासावर दिवस झुंजवली. पुढे चाकण ओळखले गेले कांद्याने. १९७७ साली शरद जोशी स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची नोकरी सोडून शेजारच्या आंबेठाणला आले, कोरडवाहू जमीन घेतली, आणि ती कसून तिचा हिशोब मांडला. १९७८ ला आणि पुन्हा १९८० ला कांद्याच्या भावासाठी याच बाजारातून आंदोलन उठले. पुणे-नाशिक रस्त्यावर शेतकरी बसला. युरोप पाहून आलेल्या माणसाने चाकणच्या मुरमाड जमिनीत बसून सांगितले की, शेतकरी आळशी नाही, अडाणी नाही, त्याचा हिशोब बाहेरून बिघडवलेला आहे.

त्याच रस्त्यावर आज काय आहे? १९९९ साली बजाजचा कारखाना आला, २००९ साली फोक्सवॅगनचा, पाठोपाठ मर्सिडीज, महिंद्र आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खालुंब्रे, वराळे, आंबेठाण ही सगळी शेतीची गावे होती. आज आंबेठाण चौकात आणि तळेगाव चौकात संध्याकाळी ट्रकांची रांग हलत नाही. कांद्याचा बाजार अजून भरतो, पण बाजाराच्या आसपास पीक आहे ते खोल्यांचे. ज्यांची जमीन गेली त्यांनी उरलेल्या गुंठ्यांवर खोल्या बांधल्या. त्यांच्यावर आमचा राग नाही. तेही शेतकरीच. कांद्याने जे दिले नाही ते पत्र्याच्या खोलीने दिले, म्हणून त्यांनी खोली पेरली.

एका खोलीत आठजण

दिवाळीनंतर आम्ही चौघे कार्यकर्ते ट्रॅव्हल्सने निघालो, पहाटे शिक्रापूरला उतरलो, तिथून चाकण. आपल्याच भागातल्या पोरांच्या खोलीवर चार रात्री राहिलो. गावांची नावे घेत नाही, पोरांची तर नाहीच.

खोली दहा बाय बारा. वर पत्रा. चार लोखंडी खाटा, आठ पोरे. आम्ही विचारले, आठांना चार कशा पुरतात? एकजण हसून म्हणाला, "काका, बसा ना. गादी गरमच आहे. आताच उठून गेला तो." पहिली पाळी सुटून जो येतो, तो तिसऱ्या पाळीला जाणाऱ्याच्या खाटेवर झोपतो. पाळी बदलली की खाट बदलते. खाट कधी गार होत नाही. सुट्टीच्या दिवशी सगळे घरात असले की चौघे खाली सतरंजीवर. आम्ही आलो तेव्हा पोरांनी खाटा आम्हाला दिल्या आणि आपण दाराबाहेरच्या ओट्यावर पडली. नको म्हटले तरी ऐकेनात. संस्कार गावाचे आहेत.

पहाटे चारला एकजण उठतो, कारण पाणी साडेचार ते पाच. बारा खोल्यांना तीन संडास. कंपनीची बस चौकात साडेपाचला. बस चुकली तर खाडा, आणि खाडा लागला की महिन्याचा हजेरी बोनस गेला. दुपारी कंपनीत जेवण. रात्री खोलीवर भात आणि वरण, कारण भात लवकर शिजतो. भाकरी रविवारी. आठांपैकी दोघांना भाकरी थापता येते. त्यांचा त्या दिवशी मान मोठा असतो.

पोरे व्यसनी झाली, बिघडली असे गावात बोलतात. आम्हाला दिसली ती दमलेली पोरे. आयटीआय झालेला, बीए झालेला, एक तर आमच्यासारखाच शेतीचा पदविकाधारक. कोणी चौदा हजार सांगितले, कोणी सोळा. घरी कोणी पाच हजार पाठवतो, कोणी सात. त्या पैशातून गावी काय झाले, ते त्यांना तोंडपाठ आहे. "बियाण्याचे दिले." "सोसायटीचे व्याज भरले." "बहिणीच्या लग्नाचे फेडतोय." म्हणजे कपाशीचा तोटा खाटेवरचे पोर भरते आहे.

धान्य कोणाचे?

खाटांच्या खाली आम्हाला पोती दिसली. ज्वारीचे पीठ, तुरीची डाळ, तिखट, जवसाची चटणी, एका डब्यात तूप. प्रत्येक खेपेला आई भरून देते. आम्ही शेतीचे विद्यार्थी, आम्हाला सवयीने हिशोब सुचला. या पोराला पगार चौदा हजार पडतो. तेवढ्यात तो जगतो कसा? तो जगतो कारण त्याच्या पोटाचा एक हिस्सा आपल्या कोरडवाहू रानातून जातो. वीस वर्षे त्याला वाढवले, शिकवले, तेही रानाने. आजारी पडला तर तो कुठे येतो? घरी. ठेक्याची मुदत संपली, सहा महिने काम नाही, कुठे येतो? घरी.

२०२० चा मार्च आठवा. २४ तारखेच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. खाणावळ बंद, कंपनी बंद, बस बंद. आठांच्या खोलीत आठही जण दिवसरात्र. मग जमेल तशी, कोणी ट्रकने, कोणी पायी, पोरे गावाला आली. त्या दोन-तीन महिन्यांत त्यांना कोणी पोसले? घरच्या ज्वारीने. ज्या ज्वारीला बाजारात कोणी विचारत नाही, त्या ज्वारीने अख्ख्या औद्योगिक पट्ट्याचे मनुष्यबळ जिवंत ठेवले आणि कारखाने सुरू झाल्यावर परत केले. त्याची पावती कोणी दिली? कोणाच्या ताळेबंदात ती दिसते?

कारखाने नकोत, असे आम्ही म्हणत नाही. पोराने शेतीतून बाहेर पडावे, चार पैसे मिळवावेत, यात काही वाईट नाही. पण शेती आणि खोली हे दोन वेगळे हिशोब नाहीत. वही एकच आहे. एका पानावर कापूस, दुसऱ्या पानावर खाट. आपण आजवर एकच पान वाचत आलो.

दोन कासरे एका हातात

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या रात्री आम्ही भाड्याचे विचारले. ही खोली घेतली होती मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराने. पगारातून प्रत्येकाचे पंधराशे कापले जात. आठांचे झाले बारा हजार. आम्ही सकाळी शेजारच्या घरमालकाला विचारले. तशीच खोली, तेवढेच पाणी, भाडे सहा हजार. वरचे सहा हजार कोणाच्या खिशात गेले, हे सांगायला पदवी लागत नाही.

पण पैशाचे दुखणे लहान म्हणावे असे पुढे आहे. त्या खोलीत चार महिन्यांपूर्वी एक पोर होते. जादा तासांचे पैसे चिठ्ठीत दिसत नाहीत, म्हणून त्याने विचारले. दोनदा विचारले. तिसऱ्या दिवशी पाळीहून आला तर त्याची पिशवी ओट्यावर काढून ठेवलेली. काम बंद, खोली बंद. रात्रीचे दहा वाजले होते, पाऊस होता. त्याने रात्र एका देवळात काढली, सकाळची गाडी धरली आणि गावी आला. घरी काय सांगितले? "सुट्टीवर आलोय."

त्याचे वडील आज या मंडपात बसले आहेत. त्यांची परवानगी घेऊन सांगतो आहोत. आम्ही चाकणहून परत आलो आणि त्यांना खरे काय ते सांगितले, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी त्याला टाकून बोललो हो. काम जड गेले म्हणून पळून आला, असं म्हटलं मी."

भावांनो, किती बापांनी असे बोलून घेतले असेल?

उरलेल्या सातजणांना आम्ही विचारले, तुम्ही का बोलला नाहीत? एकाने उत्तर दिले ते ऐका. "काका, काम गेलं तर दुसरं बघता येतं. पण रात्री झोपायचं कुठं? दुसऱ्या खोलीला आगाऊ भरायला पैसे लागतात."

याला म्हणतात दोन्ही कासरे एका हातात. काम त्याचे, खाट त्याची. मग बैल कुठे वळायचा ते त्याने ठरवायचे. हे आपल्याला नवे आहे का? उधारीवर बी-खत देणारा आणि कापूस घेणारा एकच असला की भाव कोण ठरवतो, हे आपण जाणतो. १९७२ पासून आपल्या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. विकायचे एकच दार. त्या दाराबाहेर गाड्या लावून आपले बाप किती रात्री थांबले? त्या वेळी आपण शिकलो की, दार एकच असले की माणूस तोंड उघडत नाही. तीच गोष्ट आपली पोरे आज खाटेवर शिकत आहेत.

हॉलंडच्या काचघरातल्या पोलिश मजुराची आणि चाकणच्या आपल्या पोराची व्यथा एकच आहे. फरक एवढाच की तिथे २०२३ साली दोन कासरे दोन हातांत देणारा कायदा झाला. आपल्याकडेही पाया नव्हता असे नाही. राहण्याच्या सोयीपोटी पगारातून कपात करायची तर कामगाराने ती सोय मान्य केलेली हवी आणि कपात सोयीच्या किमतीहून जास्त नको, हे तत्त्व १९३६ च्या वेतन कायद्यातच लिहिले गेले. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ कंपनीने द्यावी, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात आले आणि २०२० च्या संहितेतही राहिले. लिहिलेले आहे. पण ज्याची खाट दुसऱ्याच्या हातात, तो कायद्याचे पान उघडणार कसा?

करायचे काय?

भाषण करून घरी जायचे असते तर आम्ही हा विषय काढला नसता. चार कामे आहेत.

पहिले, आपली खोली आपल्या नावावर. आम्ही त्या सात पोरांना घेऊन शेजारच्या घरमालकाकडे बसलो. सहा हजार भाडे, वीस हजार आगाऊ. नव्या एका पोरासह आठजण, माणशी अडीच हजार. घरच्यांनी मिळून ते भरले. काहींनी कापसाच्या पहिल्या वेचणीतून दिले. पावती पोरांच्या नावे घेतली. आता माणशी भाडे साडेसातशे. खोली तेवढीच आहे, खाटा चारच आहेत. पण आता त्यांच्यापैकी एकाने चिठ्ठीबद्दल विचारले तर पिशवी ओट्यावर येणार नाही. प्रत्येक तालुक्याने अशा खोल्या धराव्यात. घरमालक गावकरी आहेत, शेतकरी आहेत. सरपंचांना मध्ये घेऊन बोललो तर ऐकतात, हा आमचा अनुभव आहे.

दुसरे, गावात नोंदवही. बाहेर गेलेल्या प्रत्येक पोराचे आणि पोरीचे नाव, कंपनी, ठेकेदार, खोलीचा पत्ता, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, कामगार विम्याचा क्रमांक. दर महिन्याच्या पगारचिठ्ठीचा फोटो घरी आला पाहिजे. विम्याचे कार्ड असेल तर त्याच्यावर अवलंबून असणाऱ्या आईबापालाही औषधोपचार मिळतो, हे किती जणांना ठाऊक होते? आणि पोराला शिकाऊ म्हणून घेतले आहे की कामगार म्हणून, ते विचारा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यात शिकाऊ हा कामगार धरलेला नाही. नाव बदलले की हक्क बदलतो.

मायबहिणींनो, ही वही तुम्ही ठेवा. पुरुष मंडळी पगार विचारून फोन ठेवतात. जेवलास का, झोपलास का, हे तुम्हीच विचारता. त्या प्रश्नांची उत्तरे आता लिहून ठेवायची आहेत. आणि पोरीही आता तिकडे जात आहेत. त्यांची खोली कशी आहे, रात्री कुलूप आतून लागते का, हे तर आधी पाहा.

तिसरे, मागणी. औद्योगिक क्षेत्रासाठी जमीन घेताना कारखान्याला जागा ठेवतात, ट्रकला जागा ठेवतात. माणसाला झोपायला जागा ठेवा. कामगार वसतिगृहे बांधा, आणि ती ठेकेदाराच्या ताब्यात देऊ नका. राहण्याचा कागद वेगळा, कामाचा कागद वेगळा, हा नियम करा. यात भीक नाही. चाकणच्या पगारात आमची ज्वारी मिसळलेली आहे. तिचा मोबदला मागतो आहोत.

चौथे, जमीन. पोरगा कंपनीत लागला, आता रान कशाला, म्हणून विकू नका. २०२० साली परतायला जे रान होते, ते पुढच्या वेळी नसेल तर पोराच्या मागे काही उरणार नाही. ज्याच्या मागे चार एकर आहेत तो ठेकेदारासमोर थोडा ताठ उभा राहतो, हे आम्ही त्या खोलीत डोळ्यांनी पाहिले.

शेवटचे सांगतो आणि थांबतो. आम्ही हॉलंडहून आलो तेव्हा गावाने सत्कार केला. चाकणहून आलो तेव्हा कोणी विचारले नाही. पण शिकलो ते चाकणच्या खोलीत. हॉलंडमध्ये पाहिले त्याचा अर्थही तिथेच लागला.

आज घरी गेलात की पोराला फोन लावा. पगार झाला का, ते नंतर विचारा. आधी विचारा, "बाबा, तुझी खाट कोणाच्या नावावर आहे?" तो काय सांगतो ते लिहून घ्या आणि पुढच्या बैठकीला वही घेऊन या. कापसाच्या भावाआधी त्या वह्या वाचू.